विशाखाताईचा चढ

"हे होणार नाही," असं कुणी म्हटलं की विशाखाताई चष्मा काढायची, स्वेटरच्या कडेला पुसायची आणि विचारायची, "कोण म्हणतं?" समोरच्याला वाटे, ही आता वाद घालणार. पण तिला खरोखरच नाव हवं असे. नाव कळलं की ती त्या माणसाला गाठायची, त्याच्यासमोर बसायची आणि पुन्हा विचारायची, "तुम्हीच म्हणालात ना?" निम्मी माणसं तिथेच माघार घ्यायची. उरलेल्यांशी ती भांडायची.

ती माझी थोरली बहीण. नागपुरात आमची वस्ती साधी होती. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. ताईला विज्ञान शाखेला घालायचं ठरलं तेव्हा शाळेतल्या एका सरांनी बाबांना सांगितलं, तुमच्यातल्या मुलीला शिवणकाम पुरे. बाबांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं. ताईने त्यांच्याकडून सरांचं नाव काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी एकटीच त्यांच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने कधी सांगितलं नाही. विज्ञान मात्र मिळालं. पुढे ती नर्स झाली आणि लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका हॉस्पिटलमध्ये आली. तिच्यामागून मी आलो. मी वॉटफर्डला एका कॉलेजच्या लायब्ररीत लागलो आणि तिथेच रमलो. ती रमली नाही. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका गावात काही महिन्यांची बदली मिळाली म्हणून गेली ती परत आलीच नाही. "इथं बोलणारे कमी आहेत बाबू, आणि जे बोलतात ते खरं बोलतात," असं फोनवर म्हणाली. मी पन्नाशीला टेकलो तरी तिच्यासाठी मी बाबूच होतो.

ती निवृत्त झाली ती त्याच गावात. गावाच्या वर एक लांबट खोरं, खोऱ्याच्या टोकाला एकच घर आणि त्या घरात पेगी. पेगी ही मेंढपाळाची विधवा, नव्वदीकडे झुकलेली. डोळे अधू झालेले, म्हणून रोज सकाळी इन्सुलिन टोचायला कुणीतरी यावं लागे. उन्हाळ्यात गाडी जायची. हिवाळ्यात कच्चा रस्ता बर्फाखाली जायचा आणि तो खासगी असल्यामुळे कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, बर्फ हटवणारा नांगर तिकडे फिरकत नसे. दर हिवाळ्याला प्रश्न निघे, पेगीला शहरातल्या केअर होममध्ये का हलवू नये? आणि दर हिवाळ्याला ताई म्हणे, मी जाते ना. तिथल्या जमीनदाराच्या इस्टेटीच्या राखणदाराकडून तिने एक जुनी स्नोमोबिल विकत घेतली होती. बर्फावर पट्ट्याने चालणारी, पुढे घसरायला दोन स्की असलेली ती गाडी चालवत माझी साठी उलटलेली बहीण रोज डोंगर चढायची. मागच्या खोक्यात औषधं, दूध आणि कधी डब्यात वरणभात. पेगीला तिखट चालत नसे, पण वरणावरची लसणाची फोडणी आवडायची.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा गाडीचा जुना सायलेन्सर गंजून फाटला होता. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलं होतं. ताईने दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा मागवून स्वतः बसवला होता. चकचकीत होता आणि आवाज असा, की खालच्या शेतातल्या मेंढ्या एका कोपऱ्यात जमा व्हायच्या.

"नवा आहे, जोरही जास्त देते म्हणतात," ती अभिमानाने म्हणाली.

नेमक्या त्याच आठवड्यात कौन्सिलच्या बाई पाहणीला आल्या. बाई सभ्य, मऊ बोलणाऱ्या. बर्फ पडल्यावर वर पोचता येतं की नाही ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यावर पेगीचा निर्णय ठरणार होता. ताईने गाडी चालू केली आणि निघाली; नवा सायलेन्सर बसवल्यावर चढाकडे ही पहिलीच खेप. सपाटीवर गाडी छान धावली. पण पेगीच्या घराखालच्या चढावर तिचा आवाज घोगरा झाला, वेग पडला आणि अर्ध्या चढात ती रुतली. वर खिडकीत पेगी उभी होती. तिला नीट दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं.

ताई खाली आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत. तुम्हाला कुणी दोष देत नाही. पण आता हे जमणार नाही."

ताईने चष्मा काढला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते," बाई शांतपणे म्हणाल्या.

"ठीक आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा या."

त्या दिवसापासून तेवढा चढ ती पायीच चढून पेगीला टोचून यायची. घरी आल्यावर मी सुचवलं की जुना सायलेन्सर वेल्डिंग करून परत बसवावा. निदान चढ तरी चढेल.

"काहून? मागे काहून जायचं?" ती म्हणाली. "जुना कितीदा शिवणार? इंजिनात दम आहे बाबू. तो कुठे अडते ते पाहायचं."

मग शेडमध्ये तिने मला क्लच उघडून दाखवला. मी पुस्तकातला माणूस, पण तिने सांगितलेलं मला अजून आठवतं, कारण मला ते सायकलवरून समजलं. या गाडीला हाताने गिअर बदलावे लागत नाहीत. क्लचमध्ये तीन छोट्या लोखंडी भुजा असतात. इंजिन जोरात फिरू लागलं की त्या बाहेर फेकल्या जातात आणि क्लचवरच्या रबरी पट्ट्याला रेटून वरचा गिअर टाकतात. जुन्या सायलेन्सरला त्या भुजांचं वजन बरोबर होतं. नव्या सायलेन्सरने इंजिनाची खरी ताकद मिनिटाला अधिक फेऱ्यांवर गेली होती. पण जड भुजा त्याआधीच वरचा गिअर टाकून मोकळ्या होत होत्या.

"म्हणजे चढावर सायकलचा जड गिअर," मी म्हणालो.

"हो. आणि लोक म्हणतात, पाय कमजोर आहेत." तिने भुजा तळहातावर तोलली. "पाय कमजोर नाहीत. वजन चुकीचं आहे."

भुजा हलक्या करायच्या, म्हणजे ग्राइंडरवर थोड्या घासायच्या. हलक्या भुजा विकत मिळत होत्या, पण बर्फात टपाल अडकलं होतं. भुजेच्या ज्या वक्र कडेवर क्लचमधलं छोटं चाक घसरतं ती कड सोडून पाठीकडून घासायचं, आणि तिन्ही अगदी सारख्या. एक जरी जड राहिली तर क्लच थरथरायचा. वजनाला तिने स्वयंपाकघरातला मसाल्याचा छोटा काटा आणला. त्यावर आदल्या दिवशीची हळद होती. ती तिने बोटाने पुसली आणि काम सुरू केलं.

पहिल्यांदा ती चुकली. रागात होती, एकदम जास्त घासलं. गाडी बर्फावर नेली तर इंजिन किंचाळलं, फेऱ्या मोजणाऱ्या तबकडीची सुई थेट पार गेली आणि गाडी जेमतेम सरकली. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. ताईने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "चूक माझीच. रागाने हात लावला."

राखणदाराने गाडीसोबत दिलेल्या खोक्यात भुजांचा आणखी एक जुना संच होता. तो शेवटचा. "आता एका वेळी एकच गोष्ट," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावायचा नाही. कार्ब्युरेटरला नाही, स्प्रिंगला नाही. चढ तोच, थ्रॉटल तेवढंच. नाहीतर कशानं काय झालं ते समजत नाही." पेशंटची औषधंही ती अशीच बदलायची म्हणे.

मग थोडंसं घासायचं, तोलायचं, बसवायचं, झाकण लावायचं आणि चढाकडे निघायचं. मला तिने मागे बसवलं. काम एकच, तिच्या खांद्यावरून तबकडीची सुई वाचायची, हजारांत.

"किती?"

"साडेसहा... सातच्या खाली."

"मोठ्यांदा बोल बे! ही लायब्ररी आहे काय?"

"सात!"

परत खाली. परत घासणं. प्रत्येक फेरीनंतर ती हातमोजा काढून क्लचजवळ हात धरायची, पट्टा तापला का बघायला. मला थंडीने बोटं जाणवेनाशी झाली होती. थांबूया म्हणायचं माझ्या मनात होतं, पण ते कोण म्हणतं, हे तिने लगेच विचारलं असतं.

शनिवारी दुपारी चढाच्या मध्यावर आवाज बदलला. घोगरेपणा गेला. सुई आठ हजाराच्या जरा वर चढली आणि तिथेच थांबली, हलेना. गाडी आम्हा दोघांना घेऊन चढत राहिली ती थेट पेगीच्या फाटकापर्यंत. पेगी दारात आली होती.

"केवढा आवाज!" ती म्हणाली. "आणि माझं दूध कुठाय?"

घरी परतल्यावर ताईने कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. तिने आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती. कुणीतरी भेट दिलेली बाटली होती. सुई जिथे थांबली होती तिथे काचेवर तिने बारीक रेघ ओढली. "इथं आली की समजायचं, ठीक चाललं आहे," ती म्हणाली. सोमवारी कौन्सिलच्या बाई आल्या, पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि ताई वर जाऊन, इन्सुलिन टोचून, परत खाली येईपर्यंत तिथेच थांबल्या. पेगी घरीच राहिली. ताईने मात्र मला सोडलं नाही. पुढच्या प्रत्येक सुट्टीत गाडी मलाच चालवायला लावली आणि पेगीच्या स्वयंपाकघरात सुई टोचायलाही शिकवलं. "मी नसेन तेव्हा?" असं ती एकदाही म्हणाली नाही. "फुकट जेवतोस, काम कर," एवढंच.

या फेब्रुवारीत ताई गेली. सकाळी चहा ठेवताना, हृदय थांबून. मी पोचलो तेव्हा गावातल्या नर्सने दोन दिवस कसंबसं वर चालत जाऊन पेगीचं पाहिलं होतं. गावच्या हॉलमध्ये निरोप द्यायचं ठरलं. लंडनहून आमच्यातली काही मंडळी आली. त्यांच्यासोबत मला त्रिशरण म्हणायचं होतं. आदल्या संध्याकाळी पेगीचा फोन आला. "मी खाली येणार आहे," ती म्हणाली. "न्यायला कोण येतंय?"

मी गेलो. दोन घोंगड्यांत गुंडाळलेली पेगी माझ्या पाठीला धरून त्या चढावरून खाली आली. हॉलमध्ये ती पहिल्या रांगेत बसली. आम्ही पाली म्हणत होतो तेव्हा तिचेही ओठ हलत होते; कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही. नंतर कॉफीच्या टेबलापाशी कौन्सिलच्या बाई तिच्याजवळ गेल्या. पेगीने त्यांचा हात हातात घेतला, थोपटला आणि मला म्हणाली, "चल, उजेड आहे तोवर घरी सोड."

त्यानंतर मी वॉटफर्डला परत गेलेलो नाही. रजा वाढवून घेतली आहे. रोज सकाळी वर जाऊन येतो आणि मग ताईच्या स्वयंपाकघरात बसून चार ओळी लिहितो. त्यामुळे हे लिहायला इतका वेळ लागला.

काल बाईंचा फोन आला. मऊ आवाज तोच. म्हणाल्या, "तुम्ही सध्या दुःखात आहात. तुमचं काम तिकडे आहे. हिवाळा अजून बराच उरलाय. हे फार दिवस जमणार नाही."

मी चष्मा काढला. पुसायला स्वेटरची कड घेतली.

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

 पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "मी म्हणते."

"ठीक आहे," मी म्हणालो. "उद्या सकाळी चढाच्या पायथ्याशी या. आणि कान झाकायला काहीतरी आणा. आवाज फार होतो."