कसाला न लावलेला काढा
भिजलेल्या तंबाखूचा वास आला की अजून माझ्या घशाशी येतं. सातवीत शाळा सोडून मी विट्याहून इथं म्हैसूरला सोनं गाळायच्या दुकानात आलो आणि काही वर्षांनी माझ्या मेंदूत गाठ निघाली. मालक-वहिनींनी सख्ख्या भावासारखं माझं ऑपरेशन करून घेतलं. झटके येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण उरलेली गाठ विरघळवून देणारा एक वैद्य वहिनींना बेट्टदपुराकडं सापडला. त्याचा काढा काळा, तार सुटेल इतका चिकट, वर तेलकट साय, आणि तंबाखूत शिळं गोमूत्र मिसळल्यासारखा वास. "गोळ्या बंद केल्या तरच गुण येईल," असं त्यानं बजावलं. ज्यांचं मीठ खातो त्यांना नाही कसं म्हणायचं? गोळ्या बंद करून आठ दिवस नाक दाबून प्यायलो, घोटाघोटाला उमासे दाबले. नवव्या दिवशी पेटलेल्या भट्टीपासून हातभरावर झटका येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा मालक वहिनींवर ओरडत होते, "अगं, गिऱ्हाईक कितीही जुनं असू दे, त्याचं सोनं आपण कसाला लावल्याशिवाय घेत नाही, आणि हे घाण पाणी याच्या पोटात घातलंस?" वहिनींनी उरलेल्या काढ्याचा एक घोट घेतला आणि मोरीत भडाभडा ओकल्या. "भावजी, हे आठ दिवस प्यालात? एका शब्दानं सांगायचं तरी!" म्हणत त्यांनी गोळी माझ्या हातावर ठेवली. ती गोळी मी आजही घेतो, आणि त्या काढ्याइतकीच किळस मला माझ्या तेव्हाच्या गप्प तोंडाची येते.