सूतगिरणीतला कॉम्प्युटर आणि बाबांचं बटण

मागच्या महिन्यात दुपारी सलीमभाईंचा फोन आला. नांदुऱ्यात त्यांचं भंगाराचं दुकान आहे आणि माझं टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगचं. "ताई, तुमच्या कामाचं एक धूड आलं हाय, तोडायच्या आधी पाहून घ्या." मी अर्धं शटर ओढलं आणि निघालेच.

धूड म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीतला कॉम्प्युटर. टेबलावर मावणारा नव्हे हं... छातीएवढं लोखंडी कपाट, वर हवेची जाळी, मधे इवलासा स्क्रीन, खाली जाडजूड बटणं. कोणत्या मशीनवर किती सूत निघालं, धागा किती वेळा तुटला, हे तो ऐंशीच्या दशकात मोजायचा. आपल्या भागात, त्या काळात! मला राहवलंच नाही, घेऊन आले घरी.

आई म्हणाली, आता आम्ही झोपावं कुठं ते पण सांग. बाबांनी दारातूनच पाहिलं. "हे कायले आणलं वं?" एवढंच बोलले आणि आत निघून गेले.

बाबा त्या गिरणीत होते हे मला ठाऊक होतं. याच कॉम्प्युटरवर होते, हे आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्या खोलीत चप्पल काढून जावं लागे, म्हणे. एका दसऱ्याच्या सुट्टीनंतर बाबांनी चालू करायचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळा पडला तो पडलाच. 'यानंच भलतंसलतं काही दाबलं' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बाबांना गोदामात कापसाच्या गाठी मोजायला पाठवलं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला... आमचे बाबा कोणतंच बटण दाबत नाहीत. टीव्हीचा रिमोट आईकडे, मोबाइल नकोच, दाराची बेलसुद्धा वाजवत नाहीत, कडी वाजवतात. आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा आहे त्यांचा. मला फार वाईट वाटलं.

आता मला खुमखुमी. एका बटणानं असा आख्खा कॉम्प्युटर मरतो काय?

रविवारी कपाट उघडलं. पेलाभर धूळ, कापसाचे पुंजके... ते असणारच. पण वरच्या जाळीखालून एक तपकिरी ओघळ थेट खाली गेलेला, सर्किटची कार्डं बसतात त्या पट्टीपर्यंत. तिथल्या पिना हिरव्यागार, गंजानं अर्ध्या खाऊन टाकलेल्या. चहा सांडला म्हणावं तर चप्पल काढून जायच्या खोलीत चहा कोण नेईल? मग चिमट्याला एक काथ्या लागला. आणि जाळीच्या फटीत हळद-कुंकू.

मी बाबांना हाक मारली. विचारलं, यावर कोणी नारळ फोडला होता काय?

बाबा म्हणाले, "मोठ्या सायबानं. दसऱ्याच्या पूजेले. आमी खाली दगड ठेवला होता, पन ते म्हने मोठ्या मशीनचा मान मोठा. कोपऱ्यावरच फोडला."

म्हणजे पाणी जाळीतून आत. सुट्टीभर आत मुरत बसलं. आणि सुट्टी संपल्यावर पहिलं बटण दाबणारा माणूस कोण, तर आमचे बाबा.

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. ते वाकून बघतच राहिले... "म्हंजे म्या बटन दाबायच्या आधीच ते बिघडलं होतं?" हो बाबा, आधीच. ते तिथेच स्टुलावर बसले. मी उगाच स्क्रू शोधायला लागले.

पुढचे काही आठवडे रोज दुकान बंद केल्यावर हेच काम. पिना घासल्या, कार्डांवरच्या कुजलेल्या तांब्याच्या रेषा वायरीनं जोडल्या, फुगलेले कपॅसिटर बदलले. बाबा शेजारी बसून टॉर्च धरायचे. बटणांना मात्र हात लावत नव्हते.

परवा सगळं जोडून झालं. जपून, मधे सिरीज बल्ब लावून (आत कुठं शॉर्ट असला तर नुसता बल्ब पेटतो, मशीन वाचतं) सप्लाय दिला आणि मी बाजूला झाले. म्हटलं, तुम्हीच करा चालू. बाबांनी चप्पल काढली... स्वतःच्या घरात. शर्टाला बोट पुसलं आणि दाबलं.

पंखा घरघरला. मिनिटभर काही नाही. मग कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली आणि त्यानं विचारलं, शिफ्ट कोणती? बाबांनी एका बोटानं 'पहिली' टाकली. त्यांचे डोळे भरून आले होते.

सलीमभाई, तुमच्या त्या एका फोनचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

संध्याकाळी बाबा दूध आणायला गेले. थोड्या वेळानं बेल वाजली, लांबलचक. आई आतून म्हणाली, "कोन पाहुणे आले पाह्य वं." मी दार उघडलं. दारात बाबा, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताचं बोट अजून बेलवरच.

म्हटलं, बाबा, आता काढा बोट... तर म्हणतात, "थांब ना थोडं."