दोनातोकाकांचा खालचा मजला

दोनातोकाका आमच्या गल्लीतले सगळ्यात हट्टी घरमालक. इटलीहून आले, दुसऱ्यांच्या भिंती बांधता बांधता मॉन्ट्रियलमध्ये स्वतःचं दुमजली घर उभं केलं. खालचा मजला भाड्याने दिला आणि स्वतः वर राहिले. वर जायचा जिना घराबाहेरून, लोखंडी, गोल वळणाचा. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो जिनाच त्यांचा वैरी झाला. पायऱ्यांवर बर्फ धरला की काका वर कोंडलेले. लेक म्हणायची, "बाबा, घर विकू, तुमची वृद्धाश्रमात छान सोय लावू."

"मी मेल्यावर विक," काका म्हणायचे.

शेवटी काकांनी खालच्या मजल्यावर राहायला जायचं ठरवलं. शेजारीण म्हणून कायदा मीच सांगितला. मालकाला स्वतः राहायला जागा हवी असेल तर करार संपायच्या सहा महिने आधी लेखी कळवायचं. फ्रेंचमध्ये नोटीसही मीच लिहिली. खाली सोलांजबाई राहायच्या. बेकरीत कामाला, एकट्या, कितीतरी वर्षांच्या भाडेकरू. त्यांनी कागद घेतला आणि अवाक्षर काढलं नाही. महिना गेला.

"बाई काही बोलली नाही, म्हणजे कबूल आहे," काका खूश. सामान बांधायलाही घेतलं.

मला कुठे राहवतंय? मी भाडे न्यायाधिकरणात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "भाडेकरू गप्प राहिला तर तो नकार धरतात. मग मालकाने महिन्याच्या आत इथे अर्ज करायचा."

काकांचा चेहरा पडला. "घर माझं, आणि तिच्या गप्प बसण्याला एवढं वजन?" मग हळूच म्हणाले, "लिही अर्ज."

अर्ज लिहिला. पण पाठवण्याआधी मी त्यांना धरून धरून जिना उतरवला. म्हटलं, आधी तोंडाने विचारा तरी.

सोलांजबाईंचे डोळे सुजलेले होते. "मस्यो दोनातो, तुमचे हाल मला दिसतात, नाही म्हणवत नाही. आणि हो म्हणून जाऊ कुठे? या भागात आता खुराडंसुद्धा परवडत नाही." मग काकांना लागलेली धाप बघून एकदम चिडल्या. "या पायांनी उतरलात? मला बोलवायचं. मी आले असते वर."

"तुला जमतो तो जिना?"

"न जमायला काय झालं? दिवसभर पिठाची पोती उचलते मी."

काकांनी मान वळवून जिन्याकडे बघितलं. "मग वरच राहायला ये ना. भाडं आहे तेवढंच."

मी कपाळाला हात लावला. कायद्याची एवढी पानं चाळली, पण हे काही मला सुचलं नव्हतं. सोलांजबाई रडता रडता हसायला लागल्या.

इथले बहुतेक भाडेकरार जूनअखेर संपतात, म्हणून एक जुलैला अख्खं शहर घरं बदलतं, ट्रकांनी रस्ते तुंबतात. यांना ट्रक लागलाच नाही. एकीचं कपाट वर गेलं, दुसऱ्याचा पलंग खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दार उघडून फुटपाथवर आले, आत गेले, परत बाहेर आले.

"काही विसरलात का?" मी विचारलं.

"छे," काका म्हणाले. "नुसताच बाहेर आलो."