वाकडं दार

फोटो स्टुडिओत तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे डाग, दुहेरी हनुवटी, सुटलेलं पोट, सगळं ती कॉम्प्युटरवर इतक्या सफाईने पुसायची की फोटो बघून बाई खुश आणि नवरा बुचकळ्यात.

स्वतःच्या बाळंतपणानंतर मात्र हीच खोडरबर मोबाइलमधल्या एकीला फसली. तिलाही बाळ होऊन तीनच महिने झाले होते म्हणे, आणि कंबर मुठीत मावेल अशी! रोज तिचा नवा फोटो आणि रोज हिचं ताट अर्धं. दूध कमी पडू लागलं. महिनाभरात लेकीचं वजन तिळभरही वाढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली, तरी घास घशाखाली उतरेना. लेकीबरोबर एक फोटो काढून घ्यायचीही तयारी नव्हती.

एका दुपारी सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. "जेव मुकाट्याने. हवेवर दूध येत नाही."

"आई, आधी फोनमधल्या हिला बघा. मग मला बघा."

सासूबाईंनी चष्मा चढवून फोन लांब धरला. "बाई गोड आहे गं. पण एवढं भारी घर, आणि सुताराने दार असं वाकडं कसं बसवलं?"

"कुठलं दार?"

"हे काय, तिच्या कमरेपाशी आत गेलंय."

तिने फोन हिसकावूनच घेतला. कॉम्प्युटरवर कंबर आत खेचली की मागची सरळ रेघही ओढली जाते, ही चूक तर ती शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी दाखवायची! तिला हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता डोळे भरून आले.

"देवा, तू डोळे दिले होतेस, मीच मिटून बसले," म्हणत तिने हात जोडले आणि ताट ओढलं. दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या महिन्यात काट्यावर लेक पाऊण किलोने वाढलेली निघाली. तिला उराशी धरून ती तशीच स्टुडिओत गेली. "काका, आमचा फोटो काढा. पण एका रेघेलाही हात लावायचा नाही."

मालक हसले. "अगं, खोडरबरच म्हणतंय पुसू नका?"

"देवाने नऊ महिने हिला या पोटात सांभाळलं, काका. ते मी पुसू?"

काकांनी तो फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला. आठवडा झाला नसेल, एक बाळंतीण तान्हं घेऊन आली. आता 'पोट जरा आत घ्या' ऐकायचं म्हणून कामावर परतलेली खोडरबर सरसावून बसली. बाईने काचेकडे बोट दाखवलं.

"आमचा तसा काढा. आहे तसा."

खोडरबरने माउस बाजूला सारला आणि बाळाचं टोपडं सरळ करायला स्वतः उठली.