मिठातला धवला

बळीराम घरत हसला, असं सांगणारा माणूस अख्ख्या पनवेलात सापडायचा नाही. मी त्याचा शेजारी, धंद्यानं शिंपी. त्याची-माझी भिंत एकच. माझ्या टवाळीला आळीतल्या बायका पोट धरून हसायच्या आणि हा गृहस्थ "हं" म्हणायचा. लग्नसराईत लाऊडस्पीकर भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. म्हणजे गावाला ओरडायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं.

"बळीराम, स्वतःचा आवाजही भाड्यानं दिलास की काय?"

"हं."

त्याची आई ठमाबाई मात्र त्याच्या वाटणीचंही बोलायची. ती धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते तेव्हाच देव मांडवात येऊन बसतात. तिच्यावाचून हळददेखील लागत नाही. मी तिला काही बोलायला जावं, तर ती म्हणायची, "शिंप्या, लोकांचे कपरे नंतर शिव, आदी तुजी जीभ शिव."

पासष्ट सालच्या सुमाराला बळीरामनं मुंबईहून जुनं टेपरेकॉर्डर यंत्र आणलं. पेटीएवढं, वर दोन रिळं. ओट्यावर आईला बसवलं आणि तिच्याकडून देवांचं आवतण म्हणवून घेतलं. डोंगरावरचे, खाडीवरचे, शिवेवरचे, कुळातले, सगळे देव ओळीनं लग्नाला बोलवायचे, असा तो धवला. मध्येच एक कोंबडी थेट माइकशी आली. "बल्या, ती कोंबरी हाकल रं," म्हातारी गाता गाता थांबून म्हणाली. बळीराम उठला, हुश्श केलं, परत बसला. तेही टेपवर गेलं.

मग पेणच्या एका लाऊडस्पीकरवाल्याचं यंत्र मागून आणून त्यानं त्या टेपची दुसरी प्रत केली. एक गेली तर एक हाताशी असावी म्हणून. शहाणपणाची गोष्ट. आता ती ठेवायची कुठे? घरतांच्या तीन पिढ्या मिठागरात गेलेल्या. मासळी मिठात, आंबे मिठात, चिंच मिठात. यानं टेप पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा मिठाच्या रांजणात पुरला.

"आईचं लोणचं घातलंस की रे!" मी म्हणालो.

"मिठात काय नासत नाय," बळीराम म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच.

ठमाबाई खदखदून हसली. "घालू दे त्याला. मुरंल चांगली."

श्रावणात ती गेली. दुपारी जेवली, भिंतीला टेकली, संपलं. बळीराम रडला नाही. खांदा दिला, परत आला आणि कर्ण्याची वायर गुंडाळत बसला. आळी म्हणाली, दगड आहे.

बळीरामच्या मुलीचं, शांतीचं, लग्न ठरलेलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर लगेचचं. धवला गायला आता त्याची बहीण मालू. उरणहून ती बाराव्यालाच आली ती राहिली. हळदीचं, तेलाचं सगळं तिला येत होतं. येत नव्हतं ते आवतण. ते ठमाबाई स्वतःच गायची. "पुढल्या लग्नात शिकवीन," म्हणत राहिली. आणि एखादा देव बोलवायचा राहिला, तर तो लग्नात विघ्न आणतो असा समज.

"दादा, टेप लाव," ती म्हणाली.

त्यानं लावली. रिळं फिरली. नुसती खरखर. बऱ्याच वेळानं एक आवाज आला, तो माझा. "काय बळीराम, अंधारात काय बसलास? दिवा लाव. घरात जावई यायचाय." मग माझंच हसणं. मग पुन्हा खरखर.

झालं होतं ते असं. बाराव्याच्या संध्याकाळी हा आईला ऐकायला एकटाच बसला आणि चालू करायच्या खटक्याबरोबर रेकॉर्ड करायचा लाल खटकाही दाबला. माइक लावलेलाच होता. आई पुसली जात होती आणि हा समोर बसून ऐकत होता. काहीच ऐकू येत नाही, हे त्याला कळलंच नाही. मी दारातून डोकावून बोलून गेलो, तेही नाही.

मालूनं कपाळावर हात मारला. बळीराम उठला आणि रांजणात हात घातला.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं होतं. डबा गंजून कुजला होता. आतली टेप जुन्या पापडासारखी वाकडी झालेली, एकमेकीला चिकटलेली. यंत्रावर चढवली तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळली आणि थांबली.

"यंत्र बिघरलं?" मालूनं विचारलं.

बळीरामनं सिनेमाच्या गाण्यांची दुसरी टेप लावली. ती सुरेख वाजली. "यंत्र नाय," तो म्हणाला. मग आईची टेप हातानं, बोटभर बोटभर उलगडली. भाजलेल्या तांदळाच्या डब्यात कापडावर ठेवली. तांदूळ ओल ओढून घेतात. बदलत राहिला तांदूळ. रबराचं चाक घसरत होतं, ते पॉलिशच्या कागदानं घासलं. टेप जिथं घासून जाते त्या हेडवर तपकिरी भुकटी बसत होती, ती स्पिरिटनं पुसली. त्याला मलमलीच्या चिंध्या मी दिल्या.

"नव्या कापडाच्या आहेत, बळीराम. शिलाई माफ."

"हं."

वीतभर टेप वाजवून पाहिली. ठमाबाईचा एक शब्द आला, अगदी तिचाच. बळीरामनं रीळ उलटं फिरवून तोच तुकडा पुन्हा लावला. काही नाही. टेपवरचा थर भुकटी होऊन हेडला लागला होता. खाली उरली होती ती कोरी पट्टी.

"एकदाच वाजंल," तो म्हणाला. "वाजत जाईल तशी पुसत जाईल."

पेणवाल्यानं त्याचं यंत्र केव्हाच विकलं होतं. दुसरी प्रत करायची सोय नव्हती.

"मग नको लावू," मालू म्हणाली. "आय हाय तशी राहू दे तिच्यात."

"शांतीचं लगीन हाय," बळीराम म्हणाला आणि खटका दाबला. एकच खटका, दोनदा पाहून.

मालू कानाला पदर न लागू देता यंत्राला चिकटून बसली, ओठ हलवत. मी दारात उभा. बळीराम वाकून हेडकडे पाहत होता. आवाज दबायला लागला की टेप थांबवायची, चिंधीनं पुसायचं, सोडायची. डोंगरावरचे देव आले, खाडीवरचे आले, कोंबडी आली. शेवटचा देव आला आणि टेप सुटून फडफडायला लागली. बळीरामच्या बोटांवर तपकिरी भुकटी होती.

"आलं का?" त्यानं विचारलं.

"आलं. तू नाय ऐकलंस?"

"मी पुसत व्हतो."

लग्नाच्या दिवशी मांडवात मालूच्या पुढ्यात माइक होता आणि बळीराम कोपऱ्यात यंत्रापाशी. तिनं आवतण सुरू केलं. हुबेहूब म्हातारी. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. डोंगरावरचे देव झाले, खाडीवरचे झाले आणि एका देवाच्या नावाशी मालू थांबली. विसरली नव्हती. आई जिथं थांबली होती तिथंच, तेवढीच थांबली होती. ऐकलं तसंच शिकली होती.

कोपऱ्यातून बळीराम उठला. मालूच्या समोर आला. तिथं काहीही नव्हतं, सारवलेली जमीन तेवढी.

"हुश्श," तो म्हणाला. हातही केला.

परत जाऊन बसला. मालूनं पुढचा देव बोलावला.

माझ्या तोंडात एक चांगला विनोद आला होता. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.