पूर्ण न ऐकलेलं गाणं

दोन हजार पंचवीस साल, मला बहात्तरावं लागलेलं. चौथीत शाळा सुटली ती हातात हातोडा घेऊनच. तेव्हापासून भांडीबाजारात तांब्याची भांडी घडवतो. आमच्या धंद्यात भांडं पारखायचं तर बोटाने एकदा वाजवायचं. खोट असली तर आवाज बद्द येतो. दुसऱ्यांदा वाजवायची गरज मला कधी पडली नाही, आणि याच गुर्मीत मी पोरगा घालवला.

सात वर्षांपूर्वी त्याने रॅप का काय ते गाणं केलं. मागे ठोके माझ्या हातोड्याचे, मला न विचारता मोबाईलवर भरून घेतलेले. मोठ्या हौसेने माझ्यासमोर लावलं. पहिल्याच ओळींत आलं, की घरातला बाप तांब्याशी बोलतो, पोराशी नाही. मी तिथेच बंद केलं.

"घरची लक्तरं वेशीवर टांगलीस."

"अण्णा, पुढचं तर ऐका."

"मला एका आवाजात कळतं."

महिन्याभरात बायको-लेकीला घेऊन तो सातपूरला राहायला गेला. दिवाळीला सून फराळ पाठवते. तो येत नाही, मीही जात नाही. बापाने आधी का जावं?

गाणं मात्र हटेना. रिक्षात, रसवंतीत, पोरांच्या मोबाईलवर, माझेच ठोके मला ऐकू यायचे. बाकीची गाणी महिन्याभरात जुनी होतात, हे राहिलं. माझ्या हातची एवढी भांडी मोडीत गेली आणि बदनामी तेवढी टिकाऊ निघाली, असं वाटायचं.

यंदा कॉलेजातली एक मुलगी लोटा घ्यायला आली. तिच्या मोबाईलवर तेच.

"बंद कर ते."

"का आजोबा? मी तर रोज ऐकते."

"बापाला नावं ठेवायला?"

ती हसली. "शेवट ऐकलेला दिसत नाही. पाणी ओतायच्या आधीच लोटा गळका ठरवताय तुम्ही."

ग्राहक होती, म्हणून ऐकलं. शेवटी ठोके थांबतात, नुसता त्याचा आवाज उरतो. तो म्हणतो, बापाला दोष देत आलो, पण माझी लेकही माझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरते आणि मी मान वर करत नाही. आता मी कुणाकडे बोट दाखवू?

"आमच्या घरीही असंच आहे," मुलगी म्हणाली, "म्हणून ऐकते." लोटा पिशवीत घालून ती गेली. हे गाणं कुणाचं, ते मी तिला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? कुठल्या कुठल्या परक्या माणसांनी माझ्या पोराचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. मीच तेवढा राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाकडे न जाता सातपूरची बस धरली. दार त्यानेच उघडलं. माझ्याकडे बघून घाबरला.

"काय झालं अण्णा? दुकान?"

"बंद आहे," म्हटलं, आणि चपला काढून आत जाऊन बसलो.