शेवटची खुंटी

फिलोमावशी गेल्याचा फोन ऑफिसात आला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं पत्र टाइप करून संपवलं. रडू आलं नाही. महिना उलटला, अजून आलेलं नाही...

मावशी सांडोरला घराच्या ओट्यावर पाळणाघर चालवायची. पाळणाघर हा शब्द आमचा, ती म्हणायची, "पोरं बगते." माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मेधा तीन महिन्यांची होती. सासूबाई गावी, आई अंथरुणाला खिळलेली, आणि सोमवारी हजर झालं नाही तर नोकरी जाणार होती. मावशीकडे आधीच सहा मुलं. भिंतीवर सात खुंट्या, प्रत्येक मुलाची पिशवी ठरलेल्या खुंटीला. खुंटी रिकामी नसेल तर मूल घ्यायचं नाही, हा तिचा नियम. सातवीला तिच्या मुलीचं, नववीतल्या लिलीचं दप्तर होतं. "खुंटी नाय गे बाय," मावशी म्हणाली. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तेव्हा मला रडता यायचं.

रविवारी निरोप आला, "पोरीला घेऊन ये." सातवी खुंटी मोकळी होती. मी मेधाची पिशवी अडकवली आणि निघाले. दप्तर कुठे गेलं, हे विचारायला मला तीन आठवडे लागले.

"लिली शाळेत नाही गेली?"

"सोडली तिनं," मावशी दूध गाळता गाळता म्हणाली. "सातवं पोर एकटीला नाय झेपत."

लिली मेधाला मांडीवर घेऊन बसली होती. मी मेधाला उचलून घरी नेऊ शकले असते... मी म्हणाले, "मावशी, उद्या मला जरा उशीर होईल."

नोकरी टिकली, बढती मिळाली, भाड्याच्या खोलीतून आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. मेधा शाळेत जाऊ लागली आणि माझं सांडोरला जाणं नाताळापुरतं उरलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच. मावशी कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा चर्चमध्ये मावशीसाठी झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर तिच्या घरी गेले. पोरं आता लिली बघते.

"मेधा कितवीला, काकी?"

"दहावीला."

"म्हणजे माझ्या पुढं गेली!" लिली हसली. अगदी मनापासून.

मी भिंतीकडे बघत होते. सहा पिशव्या होत्या, सातवी खुंटी मोकळी.

"सहाच घेते आता," ती म्हणाली. "सातवं एकटीला नाय झेपत. बसा ना काकी, पर्स अडकवा तिथं."

मी बसले. पर्स मांडीवरच धरून बसले.